चार वाटे तुझे, एक माझा

दादा,

राउटरचा पासवर्ड मी बदललाय. घर डोक्यावर घेण्याआधी हे वाच.

"मी नेटची समान वाटणी केलीय," असं तू ठणकावून सांगितलंस. केलीस, पण यंत्रामागे! तुझा लॅपटॉप, मोबाइल, टॅब आणि कुणी बघत नसताना चालणारा तुझ्या खोलीतला टीव्ही, असे चार वाटे तुझे. आईचा एक, माझा एक. दिवसभर ऑफिसात नेटवर्क सांभाळतोस आणि घरात माकडानं लोणी वाटावं तशी वाटणी करतोस. आता माणसामागे एक वाटा. तिघांचे तीन. विषय संपला.

तुझ्या मीटिंगमध्ये चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो. माझ्या ऑनलाइन वर्गातल्या मुलांना ऐकूच येत नाही, माझे हात हेच त्यांचे शब्द. काल खुणांच्या भाषेत गोष्ट सांगताना त्यांच्या पडद्यावर माझे हात मधेच थिजले. सगळ्यात लहान मुलीला वाटलं, बाई रागावून गप्प झाल्या. ती रडत उठून गेली. तिची समजूत काढायला मी तिच्या घरी चाललेय. सहाच्या वर्गाआधी परत येईन.

आईला मध्ये घालू नकोस. तिचा फोन मी जोडून दिलाय आणि ती खुशीत मावशीशी बोलतेय.

पासवर्ड हवा असेल तर सहाला माझ्या खोलीत, वर्गात येऊन बस. मुलांकडून खुणा शिक आणि हातांनी माग. तोंडानं मागितलास, तर आज मलाही ऐकू येणार नाही.