मातीसकट वजन

प्रिय बारके,

काल तुझ्या दुकानासमोरच्या बाकावर मी पाऊण तास बसले होते. तू पाहिलं नाहीस आणि मीही हाक मारली नाही. तुझं दुकान म्हणतेय खरी, पण पाटीवर नाव तुझ्या मैत्रिणीचं. गांजा आता कायद्याने विकता येत असला तरी शिक्षा भोगलेल्या माणसाला त्याचा परवाना मिळत नाही, हे आम्हा पोलिसांना माहीत नसेल तर कुणाला? गुरुवारी जुन्या शिक्षा तपासणाऱ्या मंडळापुढे तुझी सुनावणी. जुनी शिक्षा पुसली गेली तर पाटी तुझ्या नावाची होईल. नाहीतर मैत्रीण कायमची लेकीकडे निघालीच आहे, म्हणजे दुकानाला कुलूप.

रांगेत कोण कोण होतं गं! आपल्या शाळेच्या बाई, गुडघे धरून. आमचे निवृत्त इन्स्पेक्टर, टोपी डोळ्यांवर ओढून, जशी काही टोपीखाली ती मिशी लपणारच होती. ज्या माणसाने उभा जन्म लोकांचे माळे उपसले, तो तुला विचारत होता की झोपेसाठी कोणता बरा. आणि तू हसत हसत पुडी बांधून, किती घ्यायचा ते दोनदा समजावलंस. मी गणवेशात रस्त्यावरून गेले की लोक खिडक्या लावून घेतात. परवा आमच्या वरच्या मजल्यावर चोरी झाली, तर तिथल्या बाई ठाण्यात आल्या नाहीत. आधी तुझ्याकडे गेल्या, पोलिसांत जावं की नको ते विचारायला! ऐकून अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

जळते मी तुझ्यावर. लिहून टाकलं एकदाचं. एकाच कापडाचे फ्रॉक शिवले तरी बघणारा म्हणायचा, धाकटीला काय शोभतोय! ते एक वेळ चालवून घेतलं. पण आई अंथरुणाला खिळली, तेव्हा डॉक्टरांकडे खेपा मी घातल्या, चादरी मी धुतल्या, औषधांच्या वेळा लिहून कागद भिंतीला मी चिकटवला. तू संध्याकाळी यायचीस, दार लोटायचीस, आणि थोड्या वेळाने आतून आईचं हसू ऐकू यायचं. तुझ्या गच्चीवरच्या चार झाडांमुळे तिची हाडं तासभर गप्प बसतात, हे मला वासावरून केव्हाच कळलं होतं. तेव्हा तो गुन्हा होता, तरी मी बोलले नाही. एकदा मी तिचे पाय चेपत होते. डोळे मिटूनच तिने विचारलं, बारकी कधी येणार? माझे हात तिच्या पायांवर होते गं, आणि ती तुझी वाट बघत होती.

तुला मी पकडून दिलं असं तू समजतेस. सुटून आलीस तेव्हा तोंडावर म्हणालीस. त्याच दिवशी तू विचारलंस, आई शेवटी काही बोलली का, आणि मी सांगितलं, काही नाही. पकडून दिल्याचं खोटं आहे. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या माणसाने फोन केला होता, गच्चीवरचं पाणी त्याच्या भिंतीत मुरत होतं म्हणून. बारा वर्षं मी तो खोटा आळ मिरवला. माझ्या सोयीचा होता. बहिणीने उगीच संशय घेतला म्हणून मला रागावता येत होतं, आणि रागावलेल्या माणसाला कुणी पुढचं विचारत नाही.

मी तेव्हा मुद्देमाल खोलीत होते. पकडलेला माल तिथे यायचा. वजन करायचं, चिठ्ठी लावायची, लाखेचं सील मारायचं. त्या दुपारी रंगाच्या चार जुन्या डब्यांतून झाडं आली. आईच्या स्वयंपाकघराचा पिवळा रंग मी लांबूनच ओळखला. लग्नानंतरचं माझं आडनाव वेगळं, कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. आरोपी माझी बहीण आहे, दुसऱ्या कुणाला बसवा, असं मीच साहेबांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. नियम साधा आहे: मुळं आणि दांडे काढायचे, पानं-शेंडे सुकवायचे, मग काट्यावर ठेवायचे. मी झाडं उपटली आणि ओल्या मातीसकट वजन केलं. दंडावर भागलं असतं ते तुरुंगापर्यंत गेलं. कोर्टात कुणी विचारलं नाही. पोलिसांनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार. दीड वर्ष तू आत होतीस, आणि सातव्या महिन्यात आई गेली. तिच्याजवळ मी एकटी होते, मला हवं होतं तसं.

वजन करणाऱ्याचा जबाब मागणारं मंडळाचं पत्र तीन आठवडे माझ्या खणात पडून होतं. तुझी पाटी लागलेली मला बघवणार नाही, एवढंच त्याचं कारण. काल ती रांग बघून उठले आणि जबाब लिहिला. आज सकाळी मंडळाकडे दिला. सोबत तुझी प्रत आहे. नोकरी जाईल बहुतेक, खटलाही होईल. गुरुवारी मी समोर उभी राहीन, माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण आईचं जे मी एकटीने दडवून ठेवलं, ते तुझं तुला देते. शेवटी ती बोलली होती. बारकी आली का, असं विचारलं तिने. दोनदा.

तुझीच,
जळकुटी ताई