खरखरीत बुडाचं पातेलं

अमरावती, जानेवारी १९६३

ती. देवीदासमामांना देवमनचा जय भीम.

अकोल्याच्या थंडीत गुडघा काय म्हणतो? मामी तेल चोळत असतील आणि तुम्ही त्यांच्यावरच खेकसत असाल. माझी तब्येत ठणठणीत आहे, डोकं तेवढं तापलंय.

प्रयोग झाला. (आईच्या तांब्याच्या पातेल्याला मी आतून, बुडाशी, तांब्याची भुकटी भाजून बसवली होती, तोच. तिनं जन्मभर घासून गुळगुळीत केलेलं बूड मी खरखरीत केलं, म्हणून दिवाळीभर माझ्याशी अबोला होता.) गुळगुळीत बुडावर बुडबुड्यांना धरायला जागा नसते. भुकटीच्या बारीक छिद्रांत ते झटकन धरतात आणि धातूची उष्णता पाण्यात भराभर उतरते. आमचे विभागप्रमुख बापूसाहेब म्हणाले होते, सगळ्यांसमोर करून दाखव, जमलं तर संशोधनाच्या जागेसाठी शिफारस लिहितो.

दाखवलं. शेजारच्या शेगडीवरचं साधं पातेलं अजून विचारच करत होतं आणि आपलं खदखदायला लागलं. बापूसाहेब चष्मा पुसून पुन्हा वाकले. टाळ्या झाल्या. इथे मी थांबायला हवं होतं. पण घरून निघताना आई म्हणाली होती, "सायबायले त्याच पाण्याचा चहा पाजजो, मंग पाय." मी पाजायला गेलो, आणि अख्ख्या विभागाला एकाच क्षणी पित्त झालं! कुणाला उपास, कुणी 'आत्ताच घेतला', एक म्हणाले, पातेल्याला कल्हई नाही, चहा कळकेल. (पाणी फक्त उकळलं होतं, चहा कॉलेजच्याच किटलीत केला होता. आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी यांच्या देवांना रोज चालतं.) बापूसाहेबांनी कप उचलला, वाफ कशी निघते ते पाहिलं आणि खाली ठेवला. मग सगळे त्यांच्या खोलीत गेले. शिपाई नत्थुजी तिकडे हॉटेलातून चहा घेऊन गेला.

सगळे कप मी एकट्यानं संपवले. मामा, चहा फार चांगला झाला होता. मला राग आला, अजून आहे.

तुमचा भाचा,
देवमन

ता. क. शिफारस मिळाली. 'अत्यंत होतकरू' असं लिहिलंय. तेव्हा तक्रारीला जागा नाही, असं मीच मला बजावतो.

ता. क. २. बापूसाहेबांना घरच्या न्हाणीतल्या बंबालाही आतून असाच थर हवा आहे. बंब ते कॉलेजात पाठवतील, मी घरी येण्याची तसदी घेऊ नये.

ता. क. ३. खरं काम आता सांगतो. आई रविवारी बार्शीटाकळीहून तुमच्याकडे येईल आणि हे पत्र वाचून दाखवायला लावेल. शिफारशीचं ती नंतर विचारेल, आधी चहाचं विचारेल. मामा, सगळ्यांनी घेतला, असं वाचा. बापूसाहेबांनी दुसरा कप मागितला, असंही वाचलंत तरी चालेल.