डावखुरा ल्यूटवादक आणि माझं प्रोफेसरपद

३ जानेवारी
संकल्प: ग्रंथ पुरा करायचाच. रेनेसाँमधल्या एका चित्रातला वादक ल्यूटच्या तारा डाव्या हाताने छेडतो. चित्र, संगीत, काव्य, तिन्हींची किल्ली त्या हातात आहे. अकरा वर्षांत हे फक्त मला दिसलं. प्रोफेसरपदाची मुलाखत १४ मार्चला. जागा एक. लायक माणूसही एकच.

९ जानेवारी
लिहायला बसलो. टेबल आवरण्यात दिवस गेला. आता इतक्या स्वच्छ टेबलावर काहीबाही लिहिणं बरं दिसत नाही. उद्या.

२ फेब्रुवारी
आभार लिहून झाले. विभागप्रमुख बाईंना वगळलं. बसू दे चडफडत! त्यांनी विचारलं होतं, मूळ चित्र पाहिलंत का? ते पाहायला तीनदा रजा मंजूर झाली होती. एकदा सर्दी, एकदा मेहुणीचं लग्न, एकदा कंटाळा. शिवाय चित्राची स्लाइड आहे की. विभागातल्या चार हजार स्लाइडवर सुलट बाजूच्या खुणेचे लाल ठिपके मीच लावलेत, नोकरीला लागलो त्या वर्षी. ठिपक्यावर अंगठा ठेवायचा आणि स्लाइड यंत्रात घालायची. असलं बारीक काम येरागबाळ्याचं नोहे.

११ फेब्रुवारी
बायकोला स्लाइड भिंतीवर दाखवली. ती म्हणाली, चित्रातली वाढणारी, लिहिणारा, सगळेच डावरे कसे हो? आणि वहीतली अक्षरं उलटी का? मी म्हटलं, गुप्त लिपी. ती हसली. घर की मुर्गी. मात्र दोन नवी प्रकरणं सुचली.

१३ मार्च
ग्रंथ: आभार अधिक अनुक्रमणिका. बाकी सगळं डोक्यात तयार. नव्या दाराच्या पाटीचं माप घेतलं.

१४ मार्च, दुपार
बाईंनी मूळ चित्राचा फोटो पडद्यावर लावला. वादक उजव्या हाताने वाजवतोय. मी ठणकावलं, फोटो उलटा आहे. त्यांनी यंत्रातून माझी स्लाइड काढली, पालथी करून पुन्हा घातली. गुप्त लिपी घडाघडा वाचता आली. समितीतल्या म्हाताऱ्याने तर चालीवर म्हटली.
मग बाईंनी हळूच विचारलं, ठिपके सगळ्याच स्लाइडवर तुम्हीच लावलेत ना?
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१५ मार्च
जागा दुसऱ्याला. मला चार हजार ठिपके काढून योग्य बाजूला लावायचे आहेत. बायको म्हणाली, टेबल आवरलेलं आहेच, इथेच बसा.
आज अकरा झाले. त्यातले दोन पुन्हा उलटेच लागले.