लिंबावरच्या अळ्या आणि घराचा हक्क

मी, प्रेमिला बळीराम मेश्राम, वय सहासष्ट, टपाल खात्यातून निवृत्त, राहणार हुडकेश्वर, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. गुरुवारी हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर पडून राहा म्हणतात; मला ना पडवते, ना बसवते. अक्षर वाकडे दिसले तर कारण तेवढेच.

१. बँकेतली ठेव आणि दागिने मुलगी मेघा हिला द्यावेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती रामटेकला असली तरी हाक मारली की निघते.

२. माझे भिंग शेजारचे मधुकरराव यांना द्यावे. ऑगस्टमध्ये आमच्या शेवग्यावर केसाळ सुरवंट झाले आणि मधुकररावांच्या मानेवर गांधी उठल्या. ते खरे आहे; पुढे ज्यांचे पतंग होतात त्या सुरवंटांच्या केसांनी खाज सुटते. शेवगा तोडायला मी हो म्हटले होते. पण मी मेघाकडे गेले असताना, अळ्या दिसल्या म्हणून, त्यांनी माणसे आणून अंगणातले लिंबूही तोडवले. लिंबावर होत्या त्या बहुरूपी फुलपाखराच्या अळ्या. लहान असताना पाखराच्या शिटेसारख्या, मोठ्या झाल्या की हिरव्या, गुळगुळीत. अंगावर टोचणारा एक केस नाही. पुढच्या वेळी मधुकररावांनी आधी भिंगातून पाहावे, मग कुऱ्हाड मागवावी.

३. घर माझ्या नावावर आहे. लिंबू माझ्या पतीने घर बांधले त्या वर्षी लावले होते. ते तोडताना मुलगा रोशन फाटकात उभा होता, त्याने अडवले नाही. मी परतल्यावर म्हणाला, "झाडच तं होतं आई. काहून एवढं मनाले लावून राहिली वं?" तेव्हापासून आम्ही जेवणापुरते बोलतो. मी अंगणात जाते, आत येते, पुन्हा जाते.

मग एका दुपारी सून काजल हिच्या कपाटातून कढीपत्त्याचा वास आला. उघडले तर साड्यांमागे बरणी, बरणीत हिरव्या अळ्या. ही कळमेश्वरची पोर लग्नानंतर अळी दिसली की पलंगावर चढायची! ती धावत आली.

"ओरडू नका आई. फांद्या पडल्या तशा वेचून घेतल्या मी. रोज कढीपत्ता टाकून राहिली."

"रोशनले सांगितलं?"

"त्यायले सांगितलं असतं तं ठेवू दिल्या असत्या का?"

पहिले फुलपाखरू निघाले तेव्हा मागच्या पंखांवर लाल ठिपके होते. भेटायला आलेली मेघा म्हणाली, हे गुलाबी नावाचे फुलपाखरू दिसते.

"नाही ताई," काजल म्हणाली. "गुलाबीचं अंग लाल राहते, याचं काळं आहे. बहुरूपीची मादी आहे हे."

मला एक शब्द बोलावा लागला नाही.

म्हणून संपूर्ण घर व अंगण मी काजल रोशन मेश्राम हिला, तिच्या एकटीच्या नावे देत आहे. अंगणात काय लावायचे, काय तोडायचे हे तीच ठरवील. रोशनने तिथेच राहावे, पण तिच्या मर्जीने.

४. हा कागद माझ्या मृत्यूनंतर उघडण्यासाठी ठेवू नये. सह्या झाल्या की आजच रोशनला वाचायला द्यावा. त्याला राग येईल. येऊ दे. त्याने माझ्या खोलीत यावे, हवे तेवढे भांडावे. त्या दिवशी तो गप्प का राहिला, ते मला गुरुवारच्या आत त्याच्या तोंडून ऐकायचे आहे.

सही: प्रेमिला बळीराम मेश्राम

आमच्या समोर सही झाली, साक्षीदार:
भैरवी गजभिये
कवडू सोमकुवर

हुडकेश्वर, नागपूर
२१ ऑक्टोबर २०२५