मॅटाडोरला रंगाचे तीन हात

१ फेब्रुवारी १९८२, सोमवार

आली एकदाची! ह्यांनी मुंबईहून जुनी मॅटाडोर आणली, आणि सोबत अख्खा मासळीबाजार आणला. आधीचा मालक बोंबील वाहायचा — गाडी घेताना ह्यांना वास आला नाही म्हणे. सर्दी होती! घाटावर यजमानांचे विधी करणारं आमचं घर, आणि दारात बोंबिलाची गाडी! सासूबाई नाकाला पदर लावून देवघरात शिरल्या, त्या थेट जेवायलाच बाहेर आल्या.

३ फेब्रुवारी

मामंजींचं फर्मान सुटलं. "उपेंद्र, शिवरात्रीपर्यंत गाडी धंद्याला लागली नाही तर ती विकायची, आणि मुकाट्याने घाटावर बसायचं."

ह्यांना घाट नको. नुसतं पिंडांचं नाव निघालं तरी तोंड उतरतं. मलाही नकोच आहे — नवरा रोज जानव्याशी चाळा करत उदास बसलेला किती बघायचा? दिंडोरीचे द्राक्षवाले चिमाजी पहिला माल द्यायला तयार आहेत, पण अट घालून. "गाडीत वास नको. द्राक्षाला वास लागला तं व्यापारी पेट्या माझ्या अंगावर फेकील!"

म्हणजे आता सगळं एका वासावर येऊन ठेपलंय.

५ फेब्रुवारी

धूप झाला. गोमूत्र झालं. कापूर झाला. मामंजींनी मंत्रसुद्धा म्हटले, नाक दाबून — सगळे अनुनासिक! वास ढिम्म. यजमानांच्या सात पिढ्यांची पापं एका डुबकीत धुणारे आम्ही, बोंबिलापुढे हात टेकले.

६ फेब्रुवारी

ह्यांनी पुंजारामला आणलं. नाशिक रोडला राहतो, गाड्यांचे पत्रे रंगवतो. आत उकिडवा बसला, पत्र्यावर टकटक केलं, नखाने खरवडून हुंगलं. "वास हवेत नाय, गंजात हाय. मासळीचं पाणी पिऊन बसलाय पत्रा." आधी सगळा गंज खरवडायचा, मग रेड ऑक्साईडचे दोन हात, वर चंदेरी रंगाचा एक. प्रत्येक हात कडक वाळला पाहिजे. जाताना मला बजावून गेला — "पाण्याचा थेंब नको हं वहिनी. रंग धरणार नाय."

आठवडाभरात शहाणपणाचं बोललेला हा पहिला माणूस. त्याला चहा दिला, बाहेरच्या कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपात. मीच दिला.

८ फेब्रुवारी

पत्रा खरवडून झाला, पहिला हात लागला. संध्याकाळी सासूबाई हळूच म्हणाल्या, "मालिनी, तो दिवसभर आत बसतो. तो गेला की रोज गाडीत तीर्थ शिंपडत जा."

मी म्हटलं, पाणी नको म्हणालाय तो.

"तीर्थ म्हणजे काय पाणी असतं?"

घ्या! चार दिवस बोंबिलाने घर डोक्यावर घेतलं, आणि विटाळ कुणाचा, तर पुंजारामचा! हसू आवरेना. पण सासूबाईंशी वाद कोण घालणार? देवाजवळचं तांब्याचं पात्र उचललं, तुळशीसकट. पळीभर पाण्याने काय होतंय!

९ फेब्रुवारी

शिंपडलं.

१२ फेब्रुवारी

शिंपडलं. आज दुसरा हात. सकाळी पुंजाराम आत वाकून काहीतरी टिपत होता. काय रे, म्हटलं. "कचरा हाय वहिनी. उडून येतो."

१५ फेब्रुवारी

चंदेरी हात लागला. काय चकाकते गाडी! वास औषधालाही नाही. हे तीनदा आत जाऊन आले, चौथ्यांदा मलाही नेलं. लग्नानंतर इतके खूश पहिल्यांदाच पाहिले.

संध्याकाळी शिंपडलं.

१८ फेब्रुवारी

सत्यानाश! आत सगळीकडे फुगे. बोट लावलं की फुटतात, आणि खाली ओला लाल गंज. वास परत हजर!

मामंजी अंगणात कडाडले. "रंगात भेसळ केली असणार! ह्या लोकांचं काम असंच." ह्यांनी — घाट नको म्हणणाऱ्या, सुधारलेल्या माझ्या नवऱ्याने — मान डोलावली!

पुंजारामने एकदा फक्त माझ्याकडे पाहिलं. मी पदराचं टोक पिळत उभी. सासूबाई तुळशीला प्रदक्षिणा घालत होत्या. सगळ्यांची टिंगल करणारी मी, आणि तोंडातून शब्द फुटेना. लाज वाटते लिहायला.

शेवटी तो म्हणाला, "दोन दिवस द्या. मजुरी नको. पण गाडी माझ्या दारात नेतो."

२१ फेब्रुवारी

आज गाडी आली. एक फुगा नाही! चिमाजींनी आत नाक खुपसून हुंगलं आणि हसले. "भरा माल!" उद्या शिवरात्र. ह्यांचा घाट टळला.

मामंजी म्हणतात, "बघा, दम दिला की कशी नीट कामं करतात!"

मी आजही गप्प.

२३ फेब्रुवारी

घरी न सांगता नाशिक रोडला गेले. लंकाबाईने — पुंजारामच्या बायकोने — चहा दिला, घरातल्या सगळ्यांत चांगल्या कपबशीत. तो तसाच हातात धरून पुंजारामला सांगितलं, पाणी मी शिंपडत होते.

त्याने फळीवरून रंगाची रिकामी डबी काढली. आत तुळशीची पानं, लाल रंगाने माखलेली.

"रोज सकाळी सापडायची, वहिनी. त्या दिवशी वाटलं, तुम्ही सांगाल."