पट्ट्या तोडलेल्या कॅसेटी

बाबा, मी पुन्हा माती खाल्ली. तुम्ही असते तर आधी चष्मा कपाळावर चढवला असता, मग म्हणाले असते, "आता काय करून ठेवलं वो बाई?" आणि मी भोकाड पसरलं असतं. पन्नाशीची बाई झाले, तरी परवापासून तेच चाललं आहे, फक्त विचारणारं कोणी नाही. तुमची गाणी गेली, बाबा. सगळी. रिटायर झाल्यावर दोन वर्षं टेप शेजारी ठेवून, वायर लावून, एकेक कॅसेट तुम्ही कॉम्प्युटरमध्ये भरली, ती साठेक कॅसेटींची मेहनत मी एका दुपारी घालवली. तुमच्याच वहीत हे लिहिते आहे. पुढच्या पानांवर तुमच्या अक्षरात कॅसेटींची यादी आहे, मागची पानं कोरी होती.

आईचं सोमवारी रायपूरला ऑपरेशन आहे, हृदयाची झडप बदलायची. कारखान्याचं क्वार्टर सोडल्यापासून ती माझ्याकडेच असते, पद्मनाभपुरला. डॉक्टरांनी धोका समजावून सांगितला, तिने शांतपणे ऐकून घेतला आणि घरी येऊन मला म्हणाली, "मले काही नको. जायच्या आधी एकदा त्यायचं गाणं ऐकव." तुम्ही गेल्यापासून नऊ वर्षांत तिने एकदाही तुमचा आवाज लावू दिला नव्हता. गणपतीत मंडळाच्या मंचावर तुम्ही गायचे, ती पेटी वाजवायची, त्या रात्रींची आठवण कोणी काढली तरी उठून आत जायची. आणि आता स्वतःहून मागते आहे. मला इतका आनंद झाला बाबा, की मी त्याच दिवशी सिविक सेंटरच्या बाजारात जाऊन नवीन हार्ड डिस्क घेऊन आले. तुमची जुनी डिस्क टकटक आवाज करायला लागली होती. म्हटलं, एकदाची सगळी गाणी इकडे आणून टाकू.

इथेच घोळ झाला. तुम्ही प्रत्येक कॅसेटचा एक फोल्डर केला होता आणि आत गाण्यांची नावं काय तर ए-१, ए-२, मग बी-१, बी-२. प्रत्येक फोल्डरमध्ये तेच, दर बाजूचे मोजून दोन भाग. मी तेव्हाच तुमच्याशी भांडले होते, "बाबा, असं कोणी नाव ठेवते का?" तर तुम्ही म्हणाले, "ए म्हंजे इकडची बाजू, बी म्हंजे पलटवल्यावरची. कॅसेट कोणती, ते डब्यावर लिहिलं राहाते ना." तुमच्या हिशेबाने बरोबरच होतं. पण आईला आता दिसत नाही, फोल्डर कसले उघडते ती? तिच्या स्पीकरला एकच मोठं बटण आहे. म्हणून मी शहाणपणा केला, सगळ्या डब्यांतलं सगळं एकाच डब्यात ओतायला घेतलं. जुन्या डिस्कवर जागा अडवून काय करायचं, म्हणून कॉपी न करता कट केलं. कॉम्प्युटरने विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, बदलायची का? मी वाचलंही नाही नीट. सगळ्यांसाठी हो म्हटलं आणि आईसाठी भात लावायला गेले. परत आले तेव्हा साठ कॅसेटींच्या जागी एकच उरली होती. प्रत्येक ए-१ वर पुढचं ए-१ बसत गेलं आणि शेवटी यादीतली शेवटची कॅसेट तेवढी वर राहिली.

हे दुसऱ्यांदा होतं आहे, हे तुम्हाला सांगायला नको. मी बारा वर्षांची होते. भंडाऱ्याकडच्या आपल्या गावी जाऊन तुम्ही आजीच्या, म्हणजे तुमच्या आईच्या, जात्यावरच्या ओव्या टेप करून आणल्या होत्या, आणि पुढच्याच उन्हाळ्यात आजी गेली. त्या कॅसेटवर मी रेडिओवरची सिनेमाची गाणी भरली. तुम्ही पहिल्या पाळीवरून आले, हातपाय धुतले, टेप लावला, आणि आजीच्या जागी ढोल-गिटार सुरू झालं. मला वाटलं आता पाठ सोलून निघणार. तुम्ही आवाजही चढवला नाही. "चुकून झालं का?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तुम्ही खाली सतरंजीवर बसले आणि घरातल्या एकेका कॅसेटच्या पाठीवरच्या त्या दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या कटकट तोडत गेले. पट्टी तुटली की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. दिवे लागेपर्यंत तुम्ही तोडत होते आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नुसती बघत होती. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी एक कोरी कॅसेट आणली, पट्ट्या शाबूत असलेली. म्हणाले, "हे घे. याच्यावर तुले काय भरायचं ते भर."

रिटायर झाल्यावर तुम्ही मला विचारलं होतं, "कॉम्प्युटरमध्ये अशी पट्टी तोडता येते का वो?" मी हसले होते. "बाबा, इथलं काही पुसल्या जात नसते," असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. तुम्ही विश्वास ठेवला. माझ्याच भरवशावर तुम्ही कॅसेटींचं पोतं भंगारवाल्याला देऊ दिलं. देताना एक कॅसेट हातात घेऊन उगाच उलटीपालटी करत होते, आणि मी म्हटलं, द्या ना बाबा, घरात नुसता कचरा.

परवा दुपारभर ती जुनी डिस्क मी लावत राहिले, काढत राहिले. इंटरनेटवर मिळालं ते ते करून पाहिलं. टकटक होती, ती खरखर झाली, मग आवाजच थांबला. सिविक सेंटरच्या दुकानदाराने दोन्ही डिस्क ठेवून घेतल्या, आज सकाळी परत दिल्या. "मॅडम, पुराने वाले का हेड घिस गया है. आप बार-बार नहीं चलातीं तो शायद कुछ निकल जाता. और नए में जो ऊपर लिखा गया, वही है." चांगला माणूस आहे, त्याने पाणी विचारलं. मी तिथून तशीच स्कूटर काढून खुर्सीपारला तुमच्या तबलेवाल्या काकांकडे गेले. वाटलं, मंडळातल्या कोणाकडे तरी एखादी कॅसेट निघेल, फुटकी का असेना. काका आता काठी घेऊन चालतात. त्यांनी मला बाजेवर बसवलं आणि म्हणाले, "आमच्याकडे काय राहीन पोरी? सगळं तुया बापापाशी होतं. मीच तुले मागणार होतो." मी चहा अर्धा टाकून उठले. कोणाचे पाय धरू सांगा ना, बाबा. ज्याचे धरीन म्हणते, त्याच्याकडे काहीच नाही.

उरलेली शेवटची कॅसेट कोणती, ते तुम्ही ओळखलंच असेल. माझी. यादीत सगळ्यात खाली तुम्हीच लिहिलं आहे, "बाईची कॅसेट". तीसुद्धा कॉम्प्युटरमध्ये भरली होती तुम्ही, मला पत्ताच नाही. तुमच्या सगळ्या गाण्यांवर माझीच बडबड बसली आहे. मी बातम्या वाचते आहे, नाक वर करून, "नमस्कार, आता ऐका ठळक बातम्या." आणि मध्येच लांबून तुम्ही. सुट्टीचा दिवस असणार, कारण सुट्टीला वांग्याची भाजी तुम्ही करायचे. कारखान्यातल्या मिलच्या धडधडीने तुमचे कान गेले होते, म्हणून घरातही ओरडून बोलायचे, म्हणून तर स्वयंपाकघरातून टेपपर्यंत आवाज आला. "बाई, ये वो जेवाले! ताट वाढून राहिलो!" आणि त्यावर मी, अगदी माईकजवळ, "बाबा, चूप राहा ना! रेकॉर्डिंग चालू आहे!" मग तुम्ही चूप. पुढे पूर्ण बाजूभर मीच.

दुकानातून आलेलं काहीतरी लावायचंच होतं, आई सकाळपासून तयार होऊन बसली होती, स्पीकर मांडीवर घेऊन. मी ती बातम्यांची फाइल लावली. तुमची हाक आली तशी तिची मान वर झाली. पदर तोंडाला लावला. मग तुम्ही चूप झाले, आणि ती वाट पाहत राहिली. माझ्या बातम्या चालू होत्या. शेवटी म्हणाली, "थांबले कावून ते? गाणं लाव ना पुढचं." मी म्हटलं, आई, मशीन गरम झाली, उद्या लावते. उद्या रविवार. ती बरं म्हणाली आणि स्पीकर पदराने पुसून उशाशी ठेवला.

उद्या मी तिला काय सांगू? चुकून झालं म्हणून सांगेन. खरंच चुकून झालं आहे बाबा, तुमची शपथ. पण ही वही बंद करून पुन्हा तुमच्या लोखंडी पेटीत ठेवायच्या आधी एक सांगते, तेव्हा तुम्ही विचारलं आणि मी मान हलवली ते. तेव्हा चुकून नव्हतं. मी आधी कॅसेट लावून ऐकली होती. आजी गात होती. मला माहीत होतं ती आजी आहे, आणि मला गाणी भरायची होती.