सलाद रोब्ले यांना समक्ष विचारण्याबाबत

प्रति,
मा. न्यायाधीश महोदया,
पालकत्व शाखा, जिल्हा न्यायालय,
वेदरली काउंटी, कॅन्सस.

विषय : पती श्री. सलाद रोब्ले यांचे पालकत्व मला मिळण्याबाबत, व तत्पूर्वी त्यांना समक्ष विचारण्याबाबत.

संदर्भ : न्यायलिपिक श्री. केसलर यांनी दि. ३ मार्च २०१४ रोजी खिडकीवर तोंडी दिलेला नकार.

महोदया,

मी, उबाह डिरिये गेडी, खालीलप्रमाणे विनंती करते.

१. माझे पती इथल्या मांसाच्या कारखान्यात नऊ वर्षे कामाला होते. ९ जानेवारीला कामावरच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजते सगळे, असे डॉक्टर म्हणतात. त्यांना घरी न्यायला कायदेशीर पालकाची सही लागते, आणि पहिला हक्क पत्नीचा असतो. पत्नी मी आहे. अडचण इथूनच सुरू होते.

२. आमचा निकाह १९९४ साली केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत झाला. त्याचा कागद श्री. केसलर यांनी उलटसुलट करून पाहिला. नव्या कायद्याप्रमाणे परक्या देशाचा आणि धर्माचा कायदा या न्यायालयात चालत नाही, म्हणून कागदही चालत नाही, असे ते म्हणाले. शिवाय नवरा-बायकोचे आडनाव एक नाही, ही शंका. आम्ही सोमाली बायका बापाचे आणि आजोबांचे नाव मरेपर्यंत लावतो; लग्नाने बाप बदलत नाही. हे मी सांगितले. त्यांनी लिहून घेतले नाही.

३. तो कायदा मी मुलीचा शाळेतला शब्दकोश घेऊन चार रात्री वाचला. परका कायदा माणसाचे मूलभूत हक्क काढून घेत असेल तर तो मानू नये, असे त्यात आहे. आमच्या लग्नात कोणाचा हक्क गेला, ते मला कोणी दाखवलेले नाही.

४. श्री. केसलर माणूस वाईट नाही. मला बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "बाई, इथंच खिडकीवर लग्न लावून टाका. एक फॉर्म, एक सही, सुटलात." त्या फॉर्मवर शपथेने लिहायचे असते की मी अविवाहित आहे. माझ्या दोन्ही मुली पाठीमागे उभ्या होत्या. मी विचारले, "साहेब, मग या दोघी कोण?" ते म्हणाले, "अहो, लोक काय वाटेल ते लिहितात त्यात." मला लिहिता आले नाही. या मुलींच्या जन्माच्या दाखल्यांवर, तेही याच काउंटीतले, आई 'विवाहित' असे छापलेले आहे. ते खोटे ठरवून मग खरे लग्न करायचे. बरे, तेही केले असते. पण नवरदेवाने तोंडाने 'हो' म्हणावे लागते. म्हणजे मी बायको नाही, आणि होऊही शकत नाही.

५. गुरुवारी सुनावणी आहे. आम्हाला अनोळखी असलेले एक अधिकारी पालक म्हणून नेमले जातील आणि यांना एकशेचाळीस मैलांवरच्या शुश्रूषागृहात हलवतील. तिथे सोमाली कळणारे कोणी नाही. इस्पितळातल्या बाई मला म्हणाल्या, "ते बोलतच नाहीत, मग भाषा कशाला हवी?" बोलत नाहीत, पण ऐकतात ना.

६. लग्नाच्या दिवशी मी एकोणीस वर्षांची होते. निकाह लावणाऱ्या शेखांनी पडद्यापलीकडून विचारले, हा मुलगा पसंत आहे का? लाजून मी गप्प. पुन्हा विचारले, गप्प. आमच्यात कुमारिकेचे गप्प राहणे होकार धरतात. बायका म्हणाल्या, झालं, पुढे चला. शेख म्हणाले, "चालतं, मला ठाऊक आहे. पण मला तिच्या तोंडून ऐकायचंय." तिसऱ्या वेळी मी 'हो' म्हटले, जरा जास्तच मोठ्याने. पडद्यापलीकडे हे हसल्याचे मला ऐकू आले.

आज गप्प ते आहेत. त्यांचे गप्प राहणे इथे नकार धरले आहे, आणि त्यांना एकदाही विचारलेले नाही.

तरी आपण गुरुवारआधी इस्पितळात, खोली क्र. २१४ मध्ये यावे. ही बाई तुमची कोण, एवढेच त्यांना विचारावे. डावा हात चालतो. उत्तराला वेळ लागेल. आपण तेवढे थांबावे, ही विनंती.

त्या खोलीत रोज सकाळी आठपासून असणारी,

(सही)
उबाह डिरिये गेडी
दि. १० मार्च २०१४

सोबत :
१. निकाहचा कागद
२. मुलींच्या जन्माचे दाखले, दोन
३. मी अविवाहित असल्याच्या शपथेचा फॉर्म, सही न करता परत